यू. एस. गजभिये, मुनशी

लॉ कॉलेजात मी तीन वर्षं पहिल्या बाकावर बसले, दोनदा पहिली आले आणि त्याचा मला एवढा माज चढला होता की नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की मी त्याला कराराचा कायदा ऐकवायची. बाबा हात जोडून म्हणायचे, "हिले कोणी कोर्टात घेऊन जा रे, नाही तं दुकान बसते माहं." अखेर सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये आमच्या प्राध्यापकांनीच मला रामदासपेठेतल्या अ‍ॅडव्होकेट मनोहरराव देशकरांच्या ऑफिसात आठ महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून पाठवलं. तिथे मी जी काही वकिली शिकले ती मनोहररावांच्या मुनशीकडून, आणि मुनशीजी होते सातवी पास.

त्यांच्याबद्दल लिहायचं फार वर्षं मनात आहे. पण ते लिहायचं तर माझी स्वतःची एक लाजिरवाणी गोष्टही सांगावी लागते, म्हणून टाळत आले. आता सत्तरी आली. ज्यांच्यासमोर लाजायचं ते बहुतेक सगळे गेले.

मुनशी म्हणजे वकिलाचा कारकून. तारखा लक्षात ठेवायच्या, नकला काढायच्या, अर्ज टाइप करायचे आणि पक्षकाराला वेळेवर कोर्टाच्या दारात उभं करायचं, हे त्याचं काम. मनोहररावांच्या मुनशीला याशिवाय आणखी एक काम होतं. चौसष्ट साली ब्रह्मदेशातून हाकललेली काही कुटुंबं नागपुरात उतरली, तेव्हा मनोहररावांनी त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज फुकट करून दिले होते. ते कर्णोपकर्णी पसरलं. मग पूर्व पाकिस्तानातून येऊन चांद्याच्या जंगलात वसवलेले बंगाली येऊ लागले. मग भंडारा जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत झाली, ते येऊ लागले. ऑफिसच्या व्हरांड्यात कायम कोणीतरी गाठोडं घेऊन बसलेलं असे. शेजारचे वकील आमच्या ऑफिसला 'धर्मशाळा' म्हणत आणि ते ऐकून मनोहरराव खूश होत.

या धर्मशाळेचा खरा कारभारी म्हणजे मुनशीजी. पंचावन्न-छप्पन्नचं वय, सडपातळ, पांढरा पायजमा, वर काळा कोट. कोटाच्या दोन्ही कोपरांना त्यांच्या बायकोने, तुळसाबाईंनी, लावलेली ठिगळं इतकी सुबक की मला ती आधी फॅशनच वाटली. इंदोऱ्याहून सायकलवर येत, बरोबर सव्वानऊला. सही इंग्रजीत करत, यू. एस. गजभिये. एकदा मी विचारलं, "यू म्हणजे काय, मुनशीजी?"

"यू म्हणजे यू," ते म्हणाले आणि टाइपरायटरकडे वळले.

त्यांची कामाची पद्धत पाहून सुरुवातीला मला वीट आला होता. आलेल्या माणसाला आधी चहा. मग त्याची हकिकत ऐकायची, पण लिहायचं काही नाही. मग म्हणायचं, "आता परत सांग." पुन्हा ऐकायचं. तिसऱ्यांदा सांगायला लागला की मग कागद पुढे ओढायचा. "पहिल्यांदा माणूस जे आपल्याले आवडन ते सांगते," ते मला म्हणाले. "दुसऱ्यांदा ज्याची भीती वाटते ते सांगते. तिसऱ्यांदा थकते अन् मंग खरं सांगते." मी मनात म्हटलं, एवढ्यात मी तीन अर्ज लिहून टाकले असते.

आणि लिहून झालं की वाचून दाखवायचं. हे नीट सांगायला हवं, कारण सगळं पुढे यावरच अडलं. प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक ओळ असते: वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, तो मला समजला आणि तो खरा आहे. ही ओळ कोर्टाच्या आवारात रोज शेकडो वेळा टाइप होते. कोणी कोणाला काही वाचून दाखवत नाही. अंगठा घ्यायचा आणि पुढचा. मुनशीजी मात्र एकेक वाक्य वाचत, मोडक्या हिंदीत, मोडक्या बंगालीत, हातवारे करून, आणि समोरच्याने मान हलवल्याशिवाय पुढच्या वाक्यावर जात नसत.

चांद्याहून आलेल्या एका बंगाली म्हातारीचा अर्ज मी टाइप केला होता. 'पती मयत' हे वाक्य आलं तेव्हा तिने हात वर केला. नवरा मेला नाही, म्हणाली. दंगलीत हरवला. मी मुनशीजींना म्हटलं, "चौदा वर्षं झाली. सात वर्षं पत्ता नसला तर कायद्याने माणूस मेलाच धरतात. कलम सांगू?"

"कायद्यानं मेला असन," मुनशीजी म्हणाले. "तिच्यासाठी नाही मेला. कागद तिचा हाय, वं बाई. पान बदलव."

तीन कार्बन घालून मी ते पान पुन्हा टाइप केलं, धुसफुसत.

जानेवारी उजाडला आणि त्सेरिंगचं प्रकरण आलं. दर हिवाळ्यात तिबेटी बाया सीताबर्डीच्या रस्त्याकडेला स्वेटर विकायला बसत. शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या वर खोल्या भाड्याने घेत, पहाटे गाठोडी घेऊन शहरात येत. त्यांच्याकडे परदेशी म्हणून नोंदणीचं एक पुस्तक असे, त्याला सगळे आर.सी. म्हणत. शिवाय आपला जिल्हा सोडून नागपुरात राहायचं तर वेगळं परवानापत्र लागे. पोलिसांनी एक दिवस दोन्ही तपासली. एका बाईच्या परवान्यावर तिने तोंडी सांगितलेलं नाव होतं त्सेरिंग आणि आर.सी.वर पासांग. आर.सी.वरचा फोटो चौदा वर्षांच्या पोरीचा, पाण्याने फुगलेला, कोणाचाही म्हणून खपला असता. हवालदाराने विचारलं, "तूच पासांग का?" ती म्हणाली, "नहीं." दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाली. दुसऱ्या बाईचं आर.सी. बाळगते, स्वतःचे कागद नाहीत, म्हणून तिला धरलं. जामीन नाकारला गेला. तिची पाच वर्षांची पोर, डोल्कर, वाडीच्या खोलीत इतर बायांजवळ राहिली आणि आई वर्धा रोडवरच्या जेलात गेली.

परदेशी माणसाच्या कायद्यात एक गोष्ट उलटी आहे. इतर गुन्ह्यांत सरकारने सिद्ध करायचं असतं, इथे आरोपीने. आपण कोण हे त्सेरिंगलाच दाखवून द्यायचं होतं. नाही जमलं तर शिक्षा, आणि शिक्षेनंतर देशाबाहेर. पाठवणार कुठे हे कोणालाच माहीत नव्हतं, पण पोरीजवळ राहू देणार नव्हते एवढं नक्की होतं.

मनोहररावांनी प्रकरण घेतलं आणि त्याच दिवशी मुनशीजींना उमरेडकडे एका नातलगाच्या मयतीला जावं लागलं. तिथलं सगळं निस्तरून ते दोन आठवड्यांनी परतणार होते. उत्तर दाखल करायला दोन दिवस होते. "शोभा, कच्चं प्रतिज्ञापत्र तू कर," मनोहरराव म्हणाले. मला तर तेच हवं होतं.

मी जेलात गेले. मुलाखतीच्या जाळीपलीकडे त्सेरिंग बसली होती, तिशीच्या आतली, गाल उन्हाने रापलेले. हिंदी तिला तुटकं येई. मी विचारलं, "पासांग कौन है?" ती खाली मान घालून बसली. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मला वेळ नव्हता, संयम तर नव्हताच. मी स्वतःच उत्तर शोधलं, आणि काय सुरेख उत्तर होतं ते! नोंदणी करताना कारकुनाने चुकून दुसरं नाव लिहिलं. आपल्याकडे किती जणांच्या दाखल्यावर चुकीचं नाव असतं! 'माझे मूळ नाव त्सेरिंग असून पासांग हे नाव लेखनिकाच्या चुकीने नोंदले गेले.' रात्री घरी मी हे वाक्य बाबांना वाचून दाखवलं. त्सेरिंगला नाही दाखवलं. दुसऱ्या दिवशी जाळीतून कागद सरकवला, अंगठा घेतला आणि खाली ती ओळ होतीच, वाचून दाखवला, समजला, खरा आहे.

सरकारी वकील होते चंपतराव. माणूस कडक, पण खोटं काम न करणारा. त्यांनी मध्य प्रदेशातल्या मैनपाटच्या तिबेटी वसाहतीतून, जिथे ती लहानपणी होती, जुनं रजिस्टर मागवलं. त्यात तिच्या बापाने सांगून लिहिलेलं होतं: मुलगी पासांग, जन्म शुक्रवारचा. पासांग म्हणजे त्यांच्या भाषेत शुक्रवारच. खालचा अंगठा पुसट, कशाशी जुळवण्यासारखा नव्हता, पण कारकुनाच्या चुकीचा प्रश्नच उरला नाही. चंपतरावांनी त्सेरिंगला विचारलं, "हे प्रतिज्ञापत्र तुम्हाला वाचून दाखवलं होतं?"

"नहीं," ती म्हणाली.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढून मनोहररावांकडे पाहिलं. खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल या बाईवर आणखी एक प्रकरण का करू नये, असं त्यांनी विचारलं आणि आठ दिवसांनंतरची तारीख दिली. त्सेरिंगला काय झालं ते कळलं नव्हतं. ती मला पाहून हसली, कारण मी तिची वकील आहे असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मुनशीजी परत आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वाचून नाही दाखवलं?"

"नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते. पण त्यांनी कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "चाल. जेलात जाऊ."

जाळीसमोर बसून त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र पहिल्या वाक्यापासून तिला वाचून दाखवलं. एकेक वाक्य हिंदीत, सावकाश. माझं ते सुरेख वाक्य आलं आणि तिने हात वर केला. "ये सच नहीं है."

मग तिने सांगितलं. मुनशीजींनी तीनदा सांगायला लावलं आणि तिन्ही वेळा तीच हकिकत आली.

बहात्तर साली ती मैनपाट सोडून गोठणगावला आली. पहिल्याच उन्हाळ्यात वसाहतीत ताप आला. त्यात तिचा नवरा गेला. मग ती पडली. पोटात डोल्कर होती. औषध झालं, ताप जाईना. तेव्हा वसाहतीतल्या म्हाताऱ्या लामाने तिचं नाव बदललं. पासांग इथेच टाकून दे, म्हणाला, आजपासून तू त्सेरिंग, म्हणजे दीर्घायुषी. जुन्या नावाने कोणीही हाक मारली तरी ओ देऊ नकोस. मरण त्याच नावाने शोधत येईल. ती उठली, पोरगी झाली, आणि तेव्हापासून पासांग या नावाला तिने ओ दिली नाही. हवालदारालाही नाही.

"और पुस्तक?" मुनशीजींनी विचारलं.

"पुस्तक सरकार का है," ती म्हणाली. "नाम मेरा."

मला हसू आवरेना आणि संतापही आवरेना. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "ताप नावाने गेला म्हणे! डॉक्टरच्या गोळ्यांनी गेला असेल. कोर्टात हे सांगायचं? हसतील लोक." मुनशीजी सायकल हातात धरून चालत होते. मला माहीत होतं, त्यांच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो सोडून काही नव्हतं. ऑफिसात कोणी लिंबू-मिरची बांधली की ते मुकाट्याने तोडून टाकत.

"तुम्ही तरी मानता का असल्या गोष्टी?" मी विचारलं.

"नाही मानत," ते म्हणाले. सायकल खड्ड्यातून काढत म्हणाले, "पर जो मानते त्याचा कागद खोटा काहून लिहायचा?"

त्याच दुपारी ते एस.टी.ने साकोलीला गेले, तिथून अर्जुनी, पुढे मिळेल त्याने गोठणगाव. तिसऱ्या दिवशी परतले तेव्हा सोबत तो लामा होता, सत्तरीपलीकडचा, लाल वस्त्रातला, आणि दुभाष्या म्हणून वसाहतीचा सेक्रेटरी. दोघांना मुनशीजींनी आपल्या इंदोऱ्याच्या घरी उतरवलं. लामाला तिखट चालेना म्हणून तुळसाबाईंनी तारखेपर्यंत सगळ्या घराला बिनतिखटाचं वरण खाऊ घातलं.

तारखेच्या सकाळी मनोहरराव म्हणाले, "ते प्रतिज्ञापत्र ऑफिसच्या चुकीने झालं असं मी सांगतो आणि परत घेतो."

"ऑफिसची चूक म्हणजे कोणाची, असं साहेब विचारतीनच," मुनशीजी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तरी ते कोणाला बोलत होते ते मला कळलं.

कोर्टात मी उभी राहिले. म्हटलं, "हे मी लिहिलंय, साहेब. बाईंनी मला असं काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना ते वाचूनही दाखवलं नाही. खालची ओळ खोटी आहे आणि ती माझी आहे." ज्या कोर्टात पुढे आयुष्यभर काम करायचं स्वप्न होतं तिथे माझं पहिलं बोलणं हे. साहेबांनी मला पुरतं न्याहाळलं आणि म्हणाले, "सनद मिळायच्या आधी शिकलात हे बरं झालं. बसा."

मग लामा उभा राहिला. सेक्रेटरी दुभाष्याचं काम करत होता. नाव कसं बदललं, काय सांगितलं, सगळं त्याने शांतपणे सांगितलं. चंपतराव उठले. "म्हणजे ताप आला की नाव बदलायचं आणि पोलीस आले की मागे तापाचं कारण द्यायचं. फार सोयीचं आहे, साहेब." कोर्टात हशा पिकला. साहेबही मान हलवत म्हणाले, "देशकर, आईबापांनी ठेवलेलं नाव माणूस जिवाच्या भीतीने टाकतो, आणि त्या नावाला ओ देत नाही म्हणून जेलात जातो, हे मला पटणं कठीण आहे. मरण काय नाव वाचून येतं? मी तरी कुठे असं ऐकलेलं नाही." साहेब मोठ्या शहरात वाढलेले होते.

त्सेरिंगला शब्द कळले नसतील, सूर कळला. तिने कठड्याला धरलेले हात आवळले.

मुनशीजी मागच्या बाकावरून उठून पुढे आले आणि मनोहररावांच्या कानाशी काही बोलले. मनोहररावांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. "नक्की, मुनशीजी?" मुनशीजींनी मान हलवली. मनोहरराव म्हणाले, "साहेब, अशी चाल असते की नाही, यावर मला एक साक्षीदार तपासायचा आहे. माझाच मुनशी." चंपतरावांनी हरकत घेतली. साहेबांनी घेऊ दिली साक्ष, बहुधा कुतूहल म्हणून.

मुनशीजी पिंजऱ्यात चढले. शपथ झाली. "पूर्ण नाव सांगा."

"उकंडा सोमाजी गजभिये."

आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. मागे बसलेल्या मुनशांच्या बाकावर एकजण फिसकन हसला, मग सगळेच. त्या आवारात ज्यांना लोक बावीस वर्षं मान लववून मुनशीजी म्हणत होते, त्यांचं नाव उकिरडा. मला वर पाहवेना.

मुनशीजी हसणं थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "माह्या आधीचे तीन गेले, साहेब. एक सव्वा महिन्याचा गेला, एक वर्साची, एक चालाले लागलता. मी झालो तवा मायनं मले सुपात घातलं अन् उकंड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची भागीरथाबाई आली, तिनं उचललं. मायनं तिले पायलीभर जवारी देल्ली अन् मले इकत घेतलं. म्हणजे मी मायचा नाही, उकंड्याचा. मरण आलं तं त्याले वाटाले पाह्यजे का हे फेकलेलं पोट्टं हाय, हे नेऊन काय करू. मरण नाव वाचते का नाही, मले नाही माहीत. माह्या मायले वाटे का वाचते. आमच्या गावात माह्यासारखे आणखी चार होते. कोणी कचरू, कोणी धोंडू."

आता कोणी हसत नव्हतं. चंपतराव उलटतपासणीला उठले, पण आवाज उतरला होता. "तुम्ही बौद्ध आहात ना?"

"हो, साहेब."

"मग छप्पन्न साली सगळं सोडलं, हे नाव का नाही सोडलं?"

मुनशीजींनी पिंजऱ्याचा दांडा धरला. "मले लाज वाटते या नावाची, वकीलसाहेब. पोराईच्या शाळेत बापाचं नाव सांगतानी मान खाली घालत होतो. छप्पन्नले पांढरे कपडे घालून मायसंगं गेलो, दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले देव मायनं सोताच्या हातानं नदीत सोडले. रडली नाही. घरी आल्यावर म्या म्हटलं, माय, आता नावबी बदलवतो. तं तिनं माह्ये पाय धरले. पोराचे पाय धरले, साहेब. म्हणे, देव ने, सारं ने, नाव नोको बदलवू. तीन गेले." त्यांनी दांडा सोडला. "मंग नाही बदलवलं."

"तुमच्या आई आता?"

"सहासष्टले गेली."

"मग त्यानंतर का नाही बदललं?"

"बारा वर्सं झाले," मुनशीजी म्हणाले. "दोनदा अर्ज टाइप केला. नाही देऊ शकलो."

चंपतराव खाली बसले. "आणखी प्रश्न नाहीत," म्हणाले.

साहेब बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी त्सेरिंगकडे पाहून हिंदीत विचारलं, "पासांग नाम से डर लगता है?" तिने मान हलवली. "मत बोलो," साहेब म्हणाले. "हम लिख देंगे. तुम मत बोलो." निकाल वाचला तेव्हा मी एकेक शब्द कानात साठवला. पासांग आणि त्सेरिंग ही एकच व्यक्ती असून आर.सी. तिचेच आहे. आरोपीस मुक्त करण्यात येते. नोंदणी कार्यालयाने दोन्ही नावे लिहावीत. प्रतिज्ञापत्राबद्दल तिच्यावर कारवाई नाही.

मुनशीजींनी व्हरांड्यात बसून तो निकाल तिला वाचून दाखवला. एकेक वाक्य. मी शेजारी उभी होते, आणि अजून सांगते, त्या माणसाच्या पायाशी बसावं असं मला वाटलं. नंतर वकिलीतली तीस-पस्तीस वर्षं मी मोठमोठे कायदेपंडित पाहिले. असं पुन्हा कोणाबद्दल वाटलं नाही.

जेलातले सोपस्कार दुसऱ्या दिवशी दुपारी आटोपले. आम्ही दोघं तिला घेऊन बसने वाडीला गेलो. अमरावती रोडला ट्रकची रांग लागलेली, पोत्यांची धूळ, ड्रायव्हर लोकांच्या चहाच्या टपऱ्या. गोदामाच्या बाजूने लोखंडी जिना वर गेला होता. खोलीत स्वेटरच्या गाठोड्यांमध्ये डोल्कर बसली होती. तिने आईला पाहिलं आणि जागची हलली नाही. सव्वीस दिवस झाले होते. त्सेरिंग उंबऱ्याशीच खाली बसली, हाक न मारता. पोरगी हळूहळू उठली, जवळ आली, आधी आईचा एक कान धरून पाहिला, मग दुसरा, आणि मग गळ्यात पडून असा टाहो फोडला की खालचे हमाल जिन्यापाशी जमा झाले.

बायांनी आम्हाला मिठाचा चहा दिला. मी तो कसाबसा संपवला. निघताना त्सेरिंग पोरीला कडेवर घेऊन जिन्यापर्यंत आली. काल कोर्टात सेक्रेटरीने तिला मुनशीजींची साक्ष समजावून सांगितली असावी. तिने त्यांना विचारलं, "माँ है?"

"नहीं. गुजर गई."

"तुम कितने साल के?"

"छप्पन."

तिने त्यांच्या पिकल्या केसांकडे, कोटाकडे, ठिगळांकडे नीट पाहिलं. पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माँ ने अच्छा किया," ती म्हणाली. "देखो, बच गए."

मुनशीजी दोन पायऱ्या उतरले होते, तिथेच थांबले. त्यांनी कठड्याला धरलं आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. खाली एक ट्रक मागे घेताना पोऱ्या ओरडत होता, तो जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग कोटाच्या बाहीने डोळे पुसून तिच्याकडे वळले.

"हो, वं बाई," ते म्हणाले, हिंदी विसरून. "बुढीनं बरोबरच केलं."